वाचक विचारतात : माझी इच्छा आणि देवाची इच्छा

‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ प्रभूच्या प्रार्थनेतले हे तिसरे मागणे. या महिन्यातली सहा पत्रे याच ओळीपाशी अडलेली आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, फक्त गावे दिली आहेत.

फोंडा : वय २९. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी आहे. आता जहाजावरची नोकरी चालून आली आहे, करार नऊ महिन्यांचा, पगार जवळजवळ तिप्पट. घरी आईवडील आहेत, लग्न ठरायचे आहे. रोज रात्री झोपताना ‘देवा, तुझी इच्छा कळव’ म्हणतो. काहीच कळत नाही. पाद्रीबाब म्हणतात प्रार्थना कर. पण नेमके करायचे काय?

आधी रात्रीची वेळ बदला. पाळी संपवून, जेवून, डोळे मिटत आलेले असताना केलेली प्रार्थना बहुतेक वेळा काळजीची उजळणी ठरते. सकाळची वीस ते तीस मिनिटे ठेवा. रोज तीच जागा, तीच वेळ, निदान दहा दिवस.

त्याहीआधी माहिती गोळा करा. मूळ पगार किती आणि ओव्हरटाइम किती, आजारी पडल्यास खर्च कोणाचा, घरी काही घडले तर मध्येच परतता येते का, एक करार संपल्यावर दुसरा मिळेपर्यंत किती महिने बिनपगारी जातात. मनोरा बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे येशूनेच सांगितले आहे (लूक १४:२८). एजंटाला फोन केल्यावर जे कळते ते देवाने मनात उमटवावे म्हणून थांबून राहू नका.

पुढची रीत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची आहे. त्यांचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक १५४८ मध्ये पोपच्या मान्यतेने छापले गेले. ते वाचण्यापेक्षा करण्याचे पुस्तक आहे. त्यातला निर्णयाचा भाग कोणत्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसाला वापरता येतो.

प्रश्न एका ओळीत लिहा : ‘हा करार घ्यावा की न घ्यावा?’ दोन्ही वाटा मुळात चांगल्या असायला हव्यात. खोटा अनुभवाचा दाखला जोडल्याशिवाय ही नोकरी मिळत नसेल तर विचारण्यासारखे काही उरत नाही, उत्तर आधीच दिलेले आहे. तसेच जिथे शब्द दिलेला आहे (लग्न झालेले असणे, कोणाचे देणे असणे) तिथे ‘शब्द पाळू का?’ हा प्रश्न पुन्हा उघडायचा नसतो.

मग येते खरी अवघड पायरी. तराजूचा काटा मध्यावर उभा असतो तसे मन व्हावे, असे इग्नेशियस सांगतात. बहुतेकांचे मन तसे नसते. करार हुकला अशी कल्पना करा. पोटात खड्डा पडतो का? आता जावेच लागले अशी कल्पना करा. तेव्हा काय होते? जिथे जीव आवळतो तिथे आपली इच्छा दडलेली असते. ती असण्यात पाप नाही. ती नावानिशी देवापुढे ठेवायची : ‘मला हा पैसा हवा आहे. मित्रांनी घरे बांधली, मी मागे राहिलो, ही बोच आहे.’ एवढे स्पष्ट बोलल्यावर, ओढ ज्या बाजूला असेल तिच्या उलट बाजूसाठीही तयारी दे, असे मागायचे. मन ते मागायला कुरकुरते. तरी मागायचे. दहांतले पहिले तीन-चार दिवस यातच गेले तरी चालतील. ही पायरी वगळून पुढे गेलात, तर पुढचे सगळे आधीच घेतलेल्या निर्णयावर शिक्का मारून घेण्यापुरते राहील.

त्यानंतर कागदावर चार रकाने आखा : गेल्यास लाभ, गेल्यास धोका, राहिल्यास लाभ, राहिल्यास धोका. अनेकजण दोनच रकाने भरतात. गेल्याचा धोका म्हणजेच राहिल्याचा लाभ, असे त्यांना वाटते. ते खरे नाही. ‘गेल्यास आईच्या आजारपणात जवळ नसेन’ हा एक मुद्दा आणि ‘राहिल्यास इथेच पर्यवेक्षकाची परीक्षा देता येईल’ हा अगदी वेगळा. चौथ्या रकान्यात माणसे सहसा काहीच लिहीत नाहीत, आणि नेमके तिथेच मनातले भय असते. मुद्दे मोजू नका, तोला. सात लहान लाभांपेक्षा एक धोका जड असू शकतो. तोलताना विचार एकच : मी ज्यासाठी निर्माण झालो त्या देवसेवेला यातले काय साहाय्य करते?

उरलेल्या दिवसांत एक दिवस ‘मी जायचे ठरवले आहे’ असे धरून प्रार्थनेला बसा, दुसऱ्या दिवशी ‘राहायचे ठरवले आहे’ असे धरून. शेवटी दोन ओळी लिहून ठेवा. त्या वेळचा उत्साह लिहू नका, संध्याकाळपर्यंत काय टिकले ते लिहा. देवाकडून येणारी शांती सहसा सावकाश येते आणि तिच्यासोबत इतर माणसांविषयी माया वाढते. अवघड गोष्ट टळल्याची सुटकाही शांतीसारखीच भासते, पण दुसऱ्या सकाळी तिची चिडचिड झालेली असते.

काटा अजून हलत नसेल तर तीन कल्पना करून पाहा. हाच प्रश्न घेऊन अनोळखी माणूस तुमच्याकडे आला, तर त्याला काय सांगाल? मरणाच्या बिछान्यावरून पाहताना आज काय निवडले असते तर बरे वाटेल? न्यायाच्या दिवशी देवापुढे उभे असताना?

निर्णय झाला की तो लगेच एजंटाला कळवू नका. आधी प्रार्थनेत देवापुढे ठेवा, आणि तो स्वीकारून पक्का कर असे मागा. दोन दिवस जाऊ द्या. या दहा दिवसांत एका माणसाशी बोला, पण ज्याचा यात फायदा आहे त्याच्याशी नको. एजंट नको, तुमच्या पगारावर ज्याने मनात घराचा मजला चढवला आहे तो नातेवाईकही नको. आणि मन उदास, कोरडे, अंधारलेले असताना आधी घेतलेला निर्णय फिरवू नका. इग्नेशियस यांचा हा नियम आम्हाला सगळ्यांत उपयोगी वाटतो. भांडणानंतरच्या रात्री किंवा तापात घेतलेल्या निर्णयाला प्रार्थनेचे नाव देऊ नये.

घरातल्यांनी मिळून ठरवायचे असेल तर त्यालाही नमुना आहे. १५३९ मध्ये रोममध्ये इग्नेशियस आणि त्यांचे सोबती एका अवघड प्रश्नावर अडले होते : आपल्यातल्या एकाच्या आज्ञेत राहायचे व्रत घ्यावे का? त्यांनी ठरवले की एका दिवशी प्रत्येकाने फक्त विरोधातली कारणे मांडायची, दुसऱ्या दिवशी फक्त बाजूची. त्यामुळे कोणी कोणाच्या विरुद्ध पक्षात उरले नाही. जेवणाच्या टेबलावर हे दोन संध्याकाळी करून पाहा. आईलाही ‘जाण्याची’ कारणे सांगावी लागतील आणि तुम्हाला ‘न जाण्याची’.

त्या सोबत्यांत फ्रान्सिस झेवियरही होते. भारतात धर्मकार्याला पाठवण्यासाठी त्यांचे नाव ठरलेले नव्हते. दुसरे सोबती निकोलास बोबादिया जायचे होते, ते आजारी पडले, आणि मार्च १५४० मध्ये जवळजवळ एका दिवसाच्या सूचनेवर झेवियर रोमहून निघाले. ७ एप्रिल १५४१ ला लिस्बन सोडले, ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले. जुन्या गोव्यात बॉम जेझूसच्या बासिलिकेत ज्यांच्या अवशेषांपुढे आपण मेणबत्ती लावतो, ते इथे दुसऱ्याच्या बदली आले. इतक्या झटपट निघता आले, कारण काटा मध्यावर आणण्याचे काम त्यांनी कितीतरी आधी करून ठेवले होते.

मडगाव : नवऱ्याचे डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. मी बरे होण्यासाठी मागते, पण शेवटी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना घसा दाटतो. म्हणजे माझा विश्वास कमी का? आणि देवाने ठरवलेलेच असेल तर मागायचे तरी कशाला?

बाई, तुमचा विश्वास कमी नाही. गेथशेमाने बागेतही ती ओळ सहज आलेली नाही. मत्तयाचा २६वा अध्याय हळू वाचा. येशू तीनदा प्रार्थना करतो. पहिल्यांदा : ‘शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो.’ दुसऱ्यांदा शब्द बदलतात : हा प्याला प्यायल्यावाचून टळणार नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ‘टळो’पासून ‘होवो’पर्यंत यायला त्यालाही पुन्हा पुन्हा उठून जावे लागले. मध्ये तो मित्रांकडे परत येतो आणि ते झोपलेले सापडतात. लूक लिहितो की घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. प्याला टळला नाही, बळ देणारा देवदूत आला.

यातून करायचे ते असे. मागणे नेमके मागा. ‘सगळे नीट कर’ असे मोघम नको. ‘आजच्या चार तासांत रक्तदाब उतरू देऊ नकोस’, ‘मूत्रपिंड मिळू दे’ असे मागा. मग भीती सांगा : पैशाची, एकटे पडण्याची, त्यांच्या रागाची. रागही सांगा. स्तोत्रसंहितेतले तेरावे स्तोत्र ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ अशा तक्रारीनेच सुरू होते. एवढे बोलून झाल्यावर ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणा. ते न निघाल्यास त्या दिवशी पहिल्या प्रार्थनेवरच थांबा, तीही येशूचीच आहे. निराशा टळावी म्हणून काही न मागताच घाईने ‘तुझी इच्छा’ म्हणून मोकळे होणे, ही चूक फार भाविक माणसेच करतात. जे मागितलेच नाही ते सोडणार कसे?

मागायचे कशाला, याचे उत्तर मार्काच्या पहिल्या अध्यायात आहे. कुष्ठरोगी म्हणतो, ‘आपली इच्छा असेल तर आपण मला शुद्ध करू शकता.’ येशू म्हणतो, ‘माझी इच्छा आहे, शुद्ध हो.’ शुभवर्तमानांत येशू एकाही आजाऱ्याला ‘हा आजार तुझ्यासाठी बरा’ असे सांगत नाही. म्हणून भेटायला येणारे ‘देवाचीच इच्छा’ म्हणाले, तर ते ऐकून घेण्याचे बंधन तुमच्यावर नाही. दुसरीकडे, प्रेषित पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवले आणि उत्तर आले : ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ (२ करिंथ १२:९). काटा राहिला. आम्ही ही दोन्ही वचने शेजारी ठेवतो. एकाने दुसरे पुसले जात नाही.

यजमान कॅथलिक असतील तर आजाऱ्यांना तेल लावण्याच्या संस्कारासाठी पाद्रीबाबांना सांगा. तो फक्त मरणाच्या वेळी घ्यायचा असतो ही समजूत चुकीची आहे. गंभीर आजारात तो घेता येतो आणि आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो. उपचारांची एकही पाळी मात्र प्रार्थनेच्या नावाखाली चुकवू नका.

साखळी : आमच्या भागात देवळात कौल घेतात, पाकळी उजवी पडली की होकार. आमचे ख्रिस्ती शेजारी डोळे मिटून बायबल उघडतात आणि बोट पडेल ते वचन देवाचे उत्तर मानतात. ख्रिस्ती प्रार्थनेत कौल असतो का?

कौल ही देवळाची आपली परंपरा आहे, तिच्यावर आम्ही मत देणार नाही. शेजाऱ्यांच्या रीतीबद्दल सांगतो.

बायबलात चिठ्ठ्या टाकल्याचा प्रसंग आहे. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड तशी झाली (प्रेषितांची कृत्ये १:२६). पण त्याआधी त्यांनी अट लावून दोन योग्य माणसे निवडली होती, आणि हे पवित्र आत्मा उतरण्यापूर्वीचे आहे. त्यानंतर नव्या करारात निर्णयासाठी चिठ्ठ्या पुन्हा दिसत नाहीत. त्याच पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात मोठा वाद होतो, साक्षी होतात, शास्त्रवचन काढले जाते, आणि पत्रात लिहिले जाते की ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले’. त्यातला ‘आम्हाला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. देव माणसाची बुद्धी बाजूला सारत नाही.

जुन्या करारातल्या गिदोनाच्या लोकरीचा दाखला नेहमी दिला जातो (शास्ते ६) : त्याने मागितलेली खूण म्हणून एका रात्री लोकर ओली आणि जमीन कोरडी, दुसऱ्या रात्री उलट. पण काय करायचे ते गिदोनाला आधीच सांगितलेले होते. लोकर त्याच्या भीतीसाठी होती, आणि दुसऱ्यांदा मागताना तो स्वतःच देवाला ‘रागावू नकोस’ म्हणतो. ‘उद्या अकराच्या आत फोन आला तर होकार’ अशी खूण आपण ठरवतो तेव्हा देवाला आपल्या वेळापत्रकात बांधत असतो.

बोट ठेवण्यात अडचण अशी की वचनाचे मागचेपुढचे तुटते आणि मनाला हवे ते त्यात दिसते. नको ते आले की बोट पुन्हा ठेवले जाते. त्यापेक्षा त्या रविवारचे नेमून दिलेले वाचन घ्यावे. ते आपण निवडलेले नसते, म्हणून त्यात आपल्याला न आवडणारेही भेटते. एकच उतारा आठवडाभर, रोज दहा ओळींच्या आत. अडलेला शब्द लिहून ठेवावा.

म्हापसा : मुलाला नोकरी लागली तर मिलाग्र सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला दर वर्षी मेणबत्ती वाहीन आणि मुलगा पायी येईल, असा नवस मी केला. नोकरी लागली. मुलगा यायला तयार नाही. माझ्यावर दोष येईल का? आणि नवस म्हणजे देवाशी सौदाच ना?

मुलावर बंधन नाही. कॅथलिक धर्मसभेच्या नियमाप्रमाणे नवस फक्त करणाऱ्याला बांधतो (कलम ११९३). मेणबत्तीचा तुमचा भाग तुम्ही पाळा, पायी येण्याचा भाग मुलाच्या गळ्यात नाही. त्याला धाक घालू नका. पुढे वयामुळे तुम्हाला जमेनासे झाले तर आपल्या पॅरिशच्या पाद्रीबाबांना भेटा. योग्य कारण असल्यास खाजगी नवसातून मोकळे करण्याचा किंवा तो बदलून देण्याचा अधिकार त्यांना आहे. अट पूर्ण न झालेला नवस आपोआप संपतो, आणि मोठ्या अन्यायी धाकाखाली केलेला नवस मुळात ग्राह्यच नसतो. या गोष्टी माहीत नसल्यामुळे कितीतरी बाया वर्षानुवर्षे भीती बाळगून असतात, याचे आम्हाला वाईट वाटते.

सौद्याबद्दल. नियमात नवसाची व्याख्या आहे : विचारपूर्वक आणि मोकळ्या मनाने देवाला दिलेले, शक्य आणि अधिक चांगल्या गोष्टीचे वचन. त्यात ‘मोकळ्या मनाने’ हे लक्षात घ्या. स्वतःची परीक्षा अशी : नोकरी लागली नसती तरी मी सायबिणीकडे गेले असते का? ‘हो’ असेल तर तो नवस प्रेमाचा. ‘नाही’ असेल तर पुढच्या वेळी वाक्याची रचना बदला. ‘दिलेस तर वाहीन’ऐवजी ‘मी वाहते आहे, माझे मागणे हे आहे, तू देशील ते घेईन.’ नोवेनाचेही (नऊ दिवसांच्या प्रार्थनेचेही) तसेच. नऊ दिवसांचा आकडा देवाला बांधण्यासाठी नाही. नऊ दिवस तेच मागताना मागणाऱ्याचे मन चाळून निघते, पाचव्या-सहाव्या दिवशी मागण्याचे शब्द बदलू लागतात. बदलले तर बदलू द्या.

वास्को : आमच्या प्रार्थना मंडळात एक ताई ‘देवाने मला तुझ्याबद्दल सांगितले’ म्हणून लग्नाचा सल्ला देतात. मानावे का?

ऐकावे, तपासावे, लगेच मानू नये. ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा’ असे पौल लिहितो (१ थेस्सल ५:२१). विचारायचे ते इतकेच : शास्त्राला धरून आहे का, सांगणाऱ्याचा त्यात लाभ आहे का, घाई किंवा गुप्तता मागितली जाते का, तुम्हाला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे का. लग्न तुमचे, होकार तुमचा. मरियेला देवदूताने सांगितले तेव्हाही तिने आधी ‘हे कसे होईल?’ असे विचारले, आणि मगच होकार दिला (लूक १:३४-३८). मंडळातल्या ताई देवदूताहून मोठ्या नाहीत. कोणी पैसे मागितले किंवा औषध बंद करायला सांगितले, तर पारख करीत बसण्याचीही गरज नाही.

पेडणे : दोन वर्षांपूर्वी प्रार्थना करून, सगळ्यांना विचारून दुकान घातले. तोटा झाला, बंद केले. म्हणजे देवाची इच्छा ओळखण्यात चूक झाली ना?

तोट्यावरून तसे म्हणता येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय पाहा. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायला मनाई होते, बिथुनियाची वाट बंद होते, मग रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. सोबत्यांसह विचार करून ते निघतात. एवढ्या स्पष्ट बोलावण्यावरून गेलेला पौल फिलिप्पैत काय पाहतो? छड्यांचा मार, तुरुंग, पाय खोड्यात. वाट बरोबर होती.

तुमचा हिशेब मात्र वेगळा तपासा, प्रार्थनेत मिसळू नका. भाडे विक्रीच्या मानाने जास्त होते का, उधारी किती अडकली, पावसाळ्याचे चार महिने गिऱ्हाईक कमी होते हे धरले होते का? चूक हिशेबात सापडली तर ती हिशेबाचीच चूक. देवाने फसवले असे मनात येत असेल तर तेही त्याला सांगा, अगदी त्याच शब्दांत. आणि ज्यांचे देणे अजून बाकी असेल त्यांची यादी करा, रक्कम लिहा, दर महिन्याला जमेल तो हप्ता त्यांना स्वतः जाऊन सांगा. त्या कामासाठी देवाची इच्छा काय असेल, असे विचारत थांबण्याची गरज नाही.